तहकुबीचे भाडे

आज जे खावयाचे नाही ते उद्यासाठी राखून ठेवावे, ही बुद्धी मनुष्याला फार पुरातन काळी झाली असली पाहिजे; आणि आपल्या प्रांतात तर ती तडीस नेण्याचे काम कित्येक शतके सूर्य, मीठ आणि तेल या तिघांकडे बिनबोभाट चालू होते. चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरडया आणि सांडगे वाळत, किनाऱ्यावर बोंबील व सोडे वाळत, कैरी बरणीत मिठाशी जुळते घेत असे, आणि या सर्व खटाटोपात कावळे हाकायला बसवलेल्या एखाद्या नातवंडाच्या श्रमांखेरीज चालू खर्च असा काहीच नसे. सूर्यनारायणाने महिनाअखेर कोणाच्या घरी देयक धाडल्याचा दाखला जुन्या दप्तरांत सापडत नाही. पुढे विजेचे राज्य आले आणि हे खाते, कोणतीही मसलत न होता, तिच्याकडे वर्ग झाले. आणि आता आमच्या ओळखीच्या निम्म्या घरांत शीतकपाटाला लागूनच, त्याच्याहून उंच, त्याच्याहून पांढरा आणि त्याच्याहून अबोल असा एक स्वतंत्र उभा फ्रीझर येऊन राहिला आहे.

आमचे थोरले मेहुणे, ज्यांना आमच्या घरात लहानथोर सारेच दादा म्हणतात, सरकारी हिशेबतपासणी खात्यातून निवृत्त होऊन ठाण्यास स्थायिक झालेले आहेत. दुसऱ्याच्या खर्चावर शेरा मारण्यात ज्याचे आयुष्य गेले, अशा मनुष्याच्या घरी ही वस्तू यावी हे वरवर पाहता नवलाचे वाटेल. परंतु दादा जितके हिशेबी आहेत तितकेच मत्स्यप्रेमी आहेत, आणि जून व जुलै या दोन महिन्यांत, माशांच्या प्रजननाचा काळ आणि समुद्राचा कोप लक्षात घेऊन, सरकार यांत्रिक नौकांना दर्यात जाण्याची बंदी करते, हे एकच सरकारी फर्मान असे आहे की ज्याची आवश्यकता त्यांना बुद्धीने पटते पण अंतःकरणाने मान्य होत नाही. सबब मे महिन्यात सुरमई, हलवा आणि कोळंबी घेऊन ठेवावी, व बंदीचे साठ-एकसष्ट दिवस सुखाने काढावेत, अशी तजवीज ठरली. वहिनींची कंबर धरते; आडव्या पेटीत तळाशी गेलेली पिशवी काढण्यासाठी निम्मे शरीर आत घालावे लागते; तेव्हा खणांचा, दाराचा, उभा नमुनाच घ्यावा हेही ठरले. या निर्णयाची विजेच्या हिशेबातली किंमत काय, याचा विचार तेव्हा कोणी केला नाही.

प्रत्यक्षात घडले ते असे. जून महिन्यात, "बंदी अजून पुष्कळ आहे, पाहुणेरावळे आले तर काय करायचे?" या विचाराने वहिनींनी सुरमईला हात लावू दिला नाही. जुलैत, "आता थोडेच दिवस राहिले, ताजी येईलच," या विचाराने दादांनी लावला नाही. बंदी उठली तो श्रावण लागला. श्रावण सरला तो गणपती आले. गणपती गेले तो पितृपक्ष, आणि त्याच्या पाठोपाठ नवरात्र. अरबी समुद्रात जन्म घेतलेल्या त्या जलचराने उणे अठरा अंशांवर, निराहार, मौन धरून जेवढा चातुर्मास पाळला तेवढा त्या घरातील कोणा मनुष्याने पाळला असेल असे मला वाटत नाही.

एव्हाना फ्रीझरची वस्तीही वाढली होती. जानेवारीतील मटार होते. तुरीचे दाणे होते. नारळाचा खवलेला चव, मोदकांचे उरलेले सारण, होळीच्या वेळचे पुरण, आणि श्रीखंडाच्या पाच डब्यांत श्रीखंडाखेरीज पाच पदार्थ होते. गुडघेदुखीवर शेकण्यासाठी आणलेली एक निळी पिशवी मटारांच्या शेजारी नांदत होती. आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे दादांच्या धाकट्या भगिनीने, माहेरचा हक्क म्हणून सहा लिटर आमरस तेथे ठेव म्हणून नेऊन ठेवला होता. हे शेवटचे कलम वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्यावरूनच तंटा उपस्थित झाला.

महावितरणचे देयक ज्यांनी एकाग्र चित्ताने वाचले आहे त्यांना ठाऊक आहे की स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सर्वांच्या डोक्यावर 16 टक्के वीज शुल्क, अशी त्याची रचना एखाद्या संस्थानिकाच्या बिरुदावलीइतकी लांब असते. घरगुती ग्राहकाच्या वापराचे टप्पे पडतात ते 100, 300 आणि 500 युनिटांवर, आणि टप्पा चढला की दर चढतो. फ्रीझर आल्यापासून दादांचा वापर 300 च्या रेषेपलीकडे डोकावू लागला. 300 ओलांडले की सबंध देयकच वरच्या दराने आकारतात, असा एक समज मध्यमवर्गात वंशपरंपरा चालत आला असून त्यामुळे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कित्येक घरांत इस्त्री बंद होते. वस्तुतः वरचा दर लागतो तो रेषेपलीकडील युनिटांनाच. दादांना हे अर्थातच माहीत होते. परंतु त्यांनी त्यातून अधिक कडू निष्कर्ष काढला: घरात जो सर्वांत शेवटी आला त्याच्याच माथी सर्वांत महाग युनिटे मारली पाहिजेत. पंखा, दिवे आणि जुने शीतकपाट यांना खालच्या दराचे वतन आहे. फ्रीझर हा नवा, सबब त्याने वरच्या दराने भरावे. हा न्याय निर्दोष आहे. फक्त तो ऐकवायचा कोणाला, एवढाच प्रश्न होता, कारण फ्रीझर ऐकत नव्हता.

मग कारवाई सुरू झाली ती दारावर. उभ्या फ्रीझरचे दार उघडले की आतली थंड हवा, जड असल्यामुळे, पायांवरून खाली ओघळून जाते. आडव्या पेटीचे झाकण वर उघडते म्हणून तिच्यातली हवा बरीचशी तेथेच बसून राहते. हे शास्त्र दादांना कोणी सांगितले हे कळले नाही, पण त्याचा परिणाम म्हणून दारावर एक नोंदवही टांगण्यात आली, आणि तिच्यात उघडणाराचे नाव, वेळ, प्रयोजन व बंद केल्याची वेळ असे रकाने आखण्यात आले. वहिनींनी पहिल्याच दिवशी प्रयोजनाच्या रकान्यात "तुमचेच जेवण" असे लिहिले. नातवाने, ज्याला अद्याप अक्षरओळख नव्हती, एक मासा काढला. आणि आमचा भाचा, जो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्याने त्याच वहीच्या मलपृष्ठावर एक गणित करून सगळ्या कारवाईचा पायाच उखडला.

गणित असे होते. दोनशे लिटरची सगळी हवा जरी दर वेळी बाहेर पडली तरी तिचे वजन ते किती? पाव किलो. तिला 32 अंशांवरून उणे 18 वर आणायचे, आणि ठाण्याच्या दमट हवेतली तिच्यासोबत आलेली चार-पाच ग्रॅम वाफ गोठवायची, याला जी उष्णता उपसावी लागते ती इतकी अल्प आहे की दिवसातून वीस वेळा दार उघडले तरी विजेचा खर्च एक दशांश युनिटाच्या आतबाहेर राहतो. "बाबा," तो म्हणाला, "ही वही तपासायला तुम्ही रात्री पंखा लावून दीड तास बसता ना, त्या पंख्याला याहून जास्त वीज लागते." दादा क्षणभर गप्प राहिले. नंतर म्हणाले, "आणि शिस्त? तिचे काय?" वही पुढेही चालू राहिली, कारण सरकारी परंपरेत एखाद्या नोंदवहीचे प्रयोजन संपले म्हणून ती बंद केल्याचे उदाहरण विरळा.

तर मग फ्रीझर दिवसाला जे सुमारे एक युनिट खातो ते जाते कोठे? पदार्थ गोठवण्यात जाते म्हणावे तर तसेही नाही. ताजे मटार 25 अंशांवरून गोठवून उणे 18 पर्यंत नेण्यास किलोमागे सुमारे सात शतांश युनिट लागते. म्हणजे दहा किलो मटार पाऊण युनिटात दगडासारखे टणक होतात, आणि तो खर्च एका वेळच्या इस्त्रीइतकाही नाही. खर्च आहे तो गोठलेल्याला गोठलेले ठेवण्याचा. भिंती कितीही जाड असोत, त्यांच्यात फेस कितीही भरलेला असो, बाहेरच्या चैत्राला आतला हिवाळा सहन होत नाही. तो रात्रंदिवस, सुट्टी न घेता, चहूबाजूंनी आत शिरत राहतो, आणि यंत्र त्याला तितक्याच चिकाटीने मागल्या जाळीतून बाहेर काढत राहते. म्हणजे आपण पैसे मोजतो ते थंडीचे नव्हेत. ते तहकुबीचे आहेत. सुरमई मे महिन्यात खाल्ली असती तर काहीच पडले नसते. ती पुढल्या तारखेवर ढकलली म्हणून प्रत्येक दिवसाचे भाडे लागले, आणि वकिलाची फी ज्याने एकदा भरली आहे त्याला हे तत्त्व निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

त्यातही उभ्या आणि दव न धरणाऱ्या नमुन्याची एक मौज अशी की आतील नळ्यांवर साचलेला हिमाचा थर वितळवण्यासाठी त्याच्या पोटात एक तापक तार बसवलेली असते, आणि ती ठराविक काळाने आपोआप तापते. एकाच पेटीत थंड करणारे आणि तापवणारे अशी दोन खाती, दोन्ही विजेवर, दोन्ही एकमेकांचे काम निस्तरण्यात गुंतलेली! दादांना ही रचना समजली तेव्हा त्यांना आपल्या नोकरीतील जुने दिवस आठवून गहिवरून आले.

जागेचाही दोष होता. स्वयंपाकघर अरुंद म्हणून फ्रीझर दिवाणखान्यात, पश्चिमेच्या खिडकीशेजारी, पाठ भिंतीला चिकटवून उभा होता. मे महिन्यात त्या कोपऱ्यात पारा 40 वर जातो, म्हणजे आत-बाहेरचा फरक 50 ऐवजी 58 अंशांचा होतो, आणि पाठीमागून उष्णता निघून जायला वाट नाही ती नाहीच. फ्रीझरने खाल्लेले युनिट अखेर उष्णता होऊन त्याच खोलीत उतरते. ती उष्णता बाहेर काढण्यासाठी खोलीतले वातानुकूलन यंत्र आणखी एक-तृतीयांश युनिट घेते. आणि या दोघांच्या मधे बसून दादा वर्तमानपत्रातील ऊर्जाबचतीचे लेख वाचतात. शिवाय वहिनींनी, मासा फार दिवस राहायचा म्हणून, कळ उणे 24 वर फिरवून ठेवली होती. सहा अंशच ते. परंतु झिरपणारी उष्णता त्यामुळे बारा टक्क्यांनी वाढते, आणि जितके खोल उतरावे तितके यंत्रही मंदपणे उपसते, म्हणून एकंदर खर्च जवळपास पाव हिश्शाने चढतो. कळ उणे 18 वर आणली, फ्रीझर चार बोटे पुढे ओढला, खिडकीला जाड पडदा लावला. दाराच्या रबरी कडेत नोट धरून ओढून पाहावी, सहज निघाली तर कड सैल समजावी, ही परीक्षाही झाली. दादांनी त्यासाठी दहाची नोट न वापरता शंभराची वापरली, आणि ती निघाली नाही याचा आनंद मानावा की चिंता करावी हे त्यांना बराच वेळ ठरवता आले नाही.

दारावर तारे होते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ही तारांकनाची पद्धत 2006 सालापासून चालू आहे, आणि तिच्या चिठ्ठीवर वर्षाची युनिटे छापलेली असतात हा तिचा मोठा उपकार. पण ती युनिटे मोजतात प्रयोगशाळेत, ठरीव तापमानाला, दार बंद ठेवून, आणि त्या प्रयोगशाळेत नातू नसतो. कसोटीही काही वर्षांनी कडक करतात, त्यामुळे आज पाच ताऱ्यांची असलेली वस्तू उद्याच्या कोष्टकात तीन ताऱ्यांची ठरू शकते, आणि तिने स्वतः तर काहीच केलेले नसते. निवृत्त अधिकाऱ्यांना ही गोष्ट विशेष जिव्हारी लागते.

खर्चाची एवढी उठाठेव पाहून कोणी म्हणेल की हा नव्या काळाचा हव्यास आहे. मला तसे वाटत नाही. 1833 साली बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने तळ्यांवरचा बर्फ कापून तो 'टस्कनी' जहाजातून कलकत्त्यास धाडला, तेव्हा निघताना 180 टन असलेला माल चार महिन्यांचा प्रवास करून पोहोचला तो सुमारे 100 टन, आणि तरीही त्या धंद्यात त्याला फायदा झाला. पुढल्याच वर्षी तो बर्फ मुंबईत आला. जमशेटजी जीजीभाईंनी आपल्या मेजवानीत पाहुण्यांना आइसक्रीम दिले आणि यजमानासह सर्वांना पडसे झाले, अशी बातमी त्या काळच्या 'मुंबई समाचारा'त आल्याचे सांगतात. ट्यूडरने भुशात बर्फ बांधला, आपण पत्र्याच्या दोन भिंतींत फेस भरतो. त्याची तूट समुद्रात वाहून गेली, आपली देयकात छापून येते. शंभरातले चव्वेचाळीस टन वाटेत गमावूनही जो व्यापार तगला त्याचा ताळेबंद पाहायला मिळावा, अशी इच्छा दादांनी माझ्यापाशी दोनदा बोलून दाखवली.

तो मिळण्यासारखा नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःचा मांडला. फ्रीझरची किंमत 25,000 रुपये, आयुष्य दहा वर्षे, सबब दरसाल घसारा 2,500. तेवढी रक्कम ठेवीत असती तर सात टक्क्यांनी 1,750 व्याज, ते बुडाले. वीज दिवसाला एक युनिट, सर्व आकार व शुल्क मिळून बारा रुपये दर धरला, तर वर्षाचे 4,380. एकूण 8,630 रुपये. आणि जागा दोनशे लिटर. म्हणजे लिटरला दरसाल सुमारे 43 रुपये भाडे. एक किलो मटारांची पिशवी फटींसकट दोन लिटर अडवते. जानेवारीपासून आठ महिने ठेवली तर तिच्यावर भाडे चढते सुमारे 57 रुपये, आणि पावसाळ्यात मटार किलोमागे शंभर रुपयांनी महाग असले तर नफा 43. येथपर्यंत दादांची मुद्रा प्रसन्न होती. परंतु हे भाडे फ्रीझर काठोकाठ भरलेला आहे असे गृहीत धरून काढलेले होते. तो अर्धाच भरलेला असेल तर रिकाम्या जागेचे भाडेही भरल्या जागेवरच पडते, म्हणजे 57 चे 115 होतात आणि प्रत्येक किलो मटारामागे पंधरा रुपये खोट येते. त्या दिवशी फ्रीझर अर्धाच भरलेला होता.

यावर दोन उपाय संभवत होते. एक, फ्रीझर विकून टाकावा. दुसरा, तो भरावा. संसारी माणसाने यांपैकी कोणता पत्करला असेल हे सांगण्याची आवश्यकता नाही. पुढल्या रविवारी घाऊक बाजारातून माल आला, आणि तोटा भरून काढण्यासाठी केलेल्या त्या खरेदीचा आकडा दादांनी खर्चाच्या बाजूला न लिहिता "जागेचा सदुपयोग" या स्वतंत्र सदराखाली लिहिला.

मात्र याच ताळेबंदाची एक नक्कल आमच्या घरीही आली, आणि तिच्यासोबत मागणीपत्र: आमरस, सहा लिटर, दर 43, एकूण रुपये 258, मुदतीत भरणा करावा. आमच्या घरी यावरून क्षोभ उसळला. सौभाग्यवतींचे म्हणणे की माहेरी भाडे लागत नसते. माझे म्हणणे अधिक कायदेशीर होते, आणि ते मी लेखी कैफियतीच्या रूपाने सादर केले. भरलेला फ्रीझर दार न उघडल्यास वीज गेल्यानंतर सुमारे 48 तास थंडी टिकवतो, अर्धा भरलेला फक्त 24. म्हणजे आमचा सहा लिटर गोठलेला आमरस हा भाडेकरू नसून पहारेकरी आहे. वीज गेली तर दादांच्या सुरमईचे प्राण राखणारा तोच. सबब त्याला भाडे नव्हे, वेतन मिळाले पाहिजे, आणि तेही मागील बाकीसह. दादांनी उलट उत्तर पाठवले की पहारेकऱ्याचे काम पाण्याच्या बाटल्याही करतात आणि त्यांना पगार लागत नाही. मी प्रत्युत्तर दिले की पाणी पुरीबरोबर खाता येत नाही. कागद वाढत चालला. भाच्याने दोन्ही पक्षांचे अर्ज वाचून, हा वाद उणे 18 अंशांवर ठेवल्यास पुष्कळ टिकेल, असा शेरा मारला.

दसऱ्याला आम्ही दोघे ठाण्यास गेलो तेव्हा मी सर्व कागद बरोबर घेतले होते. पण पाने मांडली गेली आणि पहिल्याच वाढपाला वाट्या आल्या त्या आमरसाच्या. सहाही लिटर, आश्विनात, वैशाखाचा रंग राखून. वादातील मुद्देमालच अशा रीतीने पंगतीत आल्यावर फिर्याद कशावर चालवावी? दादांनी तिसरी वाटी मागितली. मी चौथी घेतली. विजयादशमीला सुरमई बाहेर यायची नव्हतीच. ती आता कोजागिरीनंतरच्या तारखेवर गेली होती.

पाने उचलताना वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, पुढल्या वर्षी आंब्यांच्या दोन पेट्या जास्त पाठवा. खालचा खण सबंध मोकळा झाला बघा, आणि रिकामा खण परवडत नाही असे हेच म्हणतात."